दोन गावांचे दिवे

१४ ऑक्टोबर

चुकले. मान्य. काल रात्री आमच्या केसलरऐवजी शेजारच्या आर्डनला विमान उतरवलं. सहासष्ट वर्षांची बाई, तीस वर्षं स्वतःचं विमान उडवतेय, आणि परक्या गावात आपला हँगर शोधत फिरतेय! पण का चुकले, हे कोणी विचारत नाही.

रात्री आमच्या धावपट्टीचे दिवे बंदच असतात. येणाऱ्यानं वरून रेडिओचं बटण पाच वेळा दाबायचं, मग ते लागतात. आर्डनलाही तेच, आणि फ्रिक्वेन्सीही तीच. म्हणजे एकानं दाबलं की दोन्ही गावं उजळतात. मध्ये आठ मैल, पट्ट्या एकाच दिशेच्या. पूर्वेकडून येताना आधी आर्डन लागतं. आणि घरी येताना स्क्रीनवरचा नकाशा कोण बघतं?

१५ ऑक्टोबर

सकाळी बर्निसच्या हॉटेलात कोलाचे, म्हणजे फळं भरलेले गोड पाव, खायला गेले. अख्खं टेबल टपूनच बसलेलं. "लॉर्ना, घरचा पत्ता गळ्यात अडकवून देऊ का?" हा व्हर्जिल कुबिचेक — आमच्या धावपट्टीचा व्यवस्थापक. वर म्हणतो, "वय झालं आता तुझं. गुरुवारी धावपट्टीच्या कमिटीपुढे ठेवतो. रात्रीचं उडणं बंद."

अंगाची लाही लाही झाली. चार वर्षं मी सांगतेय, दोनपैकी एका गावाची फ्रिक्वेन्सी बदलून घ्या. माझा अर्ज कुणाच्या ड्रॉवरमध्ये धूळ खातोय? ह्याच्याच! चोर तो चोर, वर शिरजोर. रात्रीचं उडणं बंद म्हणे. मग माझ्याकडे उरलं काय? टीव्ही आणि सांधेदुखी.

१६ ऑक्टोबर

आज सगळ्यांसमोर त्याला सुनावलं. "तूच ये रात्री पूर्वेकडून. स्क्रीन बंद ठेवून."

"डोळे मिटून येईन," म्हणाला. "तू खाली रेडिओपाशी बस आणि शीक."

आज रात्रीच येतोय. बघतेच.

१७ ऑक्टोबर

व्हर्जिल आर्डनलाच उतरला. पट्टीवर हरणं होती. विमान उलटलं. कमरेचं हाड मोडलंय, पाठीलाही मार आहे. जिवावरचं खुब्यावर निभावलं, असं बर्निस म्हणाली.

कमिटीनं माझा विषय काढलाच नाही. फ्रिक्वेन्सीचा अर्ज मात्र पाच मिनिटांत मंजूर!

१९ ऑक्टोबर

दवाखान्यात जाऊन आले. तो पुन्हा उडवेल असं डॉक्टरांना वाटत नाही. माझा हात धरून म्हणाला, "तुझंच खरं होतं गं. सगळ्यांना सांगितलंय मी." बायको रडत होती. माझ्यासाठी तिनं खुर्ची पुसून दिली.

२० ऑक्टोबर

त्या रात्री तो रेडिओवर म्हणाला होता, "केसलरची पट्टी दिसली, उतरतोय." मी बाहेर बघितलं. आमच्यावरचं आभाळ रिकामं होतं. मला त्याच क्षणी कळलं तो कुठे आहे. माईक माझ्या हातात होता. होऊ दे फजिती, म्हटलं, आणि गप्प बसले.