वीतभर आणि चार बोटं

प्रिय अण्णा,

साष्टांग नमस्कार. पहिलं सांगायचं ते पहिलंच सांगतो, म्हणजे तुम्ही चष्मा शोधत असाल तर तोवर ताई एवढं वाचून दाखवेल: आपली इमारत पाडत नाहीत. काल इंजिनिअरबाईंनी लेखी दिलं. पुढचं मात्र तुमचं तुम्हीच वाचा. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. दोनदा कच्चं लिहिलं, हे पक्कं आहे.

भूकंपाला आज पाच महिने झाले. अजून सगळे शाळेच्या मैदानावर तंबूतच आहोत. शिंपीकाकांनी तंबूतच मशीन मांडलं आहे आणि अर्ध्या मैदानाचे कपडे शिवून देतात. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्यूटीवरून आल्या की आधी इमारतीसमोर जाऊन आपल्या खिडकीतल्या कुंड्या बघतात, मग तंबूत येतात. तुम्ही कोपऱ्यावरच्या बँकेबद्दल विचारलं होतं. ती पाडली. तिच्या शेजारची इमारत बाहेरून इतकी धडधाकट दिसत होती, पण तीही पाडली.  भिंतींना गेलेल्या तड्यांची कोणालाच फिकीर नव्हती. सगळ्यांचे डोळे जिन्याजवळच्या खांबावर होते. खाली बुंध्याशी काँक्रीट गळून पडलेलं आणि सळई दिसायला लागलेली. त्या खांबावर इमारतीचं मरण की जगणं ठरणार होतं.

ताई तुम्हाला न्यायला आली तो दिवस मी विसरलेलो नाही. इंजिनिअरबाईंनी सहज विचारलं होतं, हा खांब कोणी बांधला? तुम्ही पिशवी खाली ठेवलीत आणि म्हणालात, “मी बांधला. काही विचारायचं ते मला विचारा.” मी तिथेच उभा होतो. तुमची दुसरी पिशवी माझ्या हातात होती. मी तोंड उघडलं नाही. बस सुटल्यावर परत आलो आणि तंबूत पडून राहिलो. ताईच्या फोनवर तुम्ही दर वेळी विचारायचात, खांबाचं काय झालं, आणि मी दर वेळी हवापाण्याचं सांगायचो. ताईला वाटलं असेल, याला काय झालंय.

अण्णा, तो खांब तुम्ही नव्हता बांधला. मी बांधला होता. आठवी सोडून मला तुमच्या हाताखाली येऊन तीन आठवडे झाले होते. आईचं ऑपरेशन होतं म्हणून तुम्ही दुपारीच दवाखान्यात गेलात आणि जाताना मला नीट सांगून गेलात: उभ्या सळयांना आवळणाऱ्या रिंगा खाली आणि वर दोन-दोन हातांपर्यंत चार बोटांवर, मधे वीतभर अंतरावर. माझं लक्ष आईकडे होतं. माझ्या डोक्यात तेवढी ‘वीतभर’ राहिली आणि मी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सगळ्या रिंगा वीत मोजून बांधल्या. अगदी सरळ, अगदी सारख्या. स्वतःवर खूश होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला डबा घेऊन आईकडे धाडलंत. दुपारी परत आलो तर फळ्या लागून काँक्रीट ओतायला सुरुवात झाली होती. तुम्ही मला तार पिळायचा नवा आकडा दिलात, माझा स्वतःचा. काम पसंत पडलं असं मला वाटलं.

चूक कळली ती दोन वर्षांनी, दुसऱ्या कामावर, तुम्ही कोणाला तरी तेच समजावत होतात तेव्हा. तोवर त्या खांबावर चार मजले चढले होते आणि आपण तळमजल्यावर राहायलाही आलो होतो. तुम्ही मला चिडवायचात की हा डावऱ्या जिन्याशी आला की खांबाला देवासारखा हात लावतो. मी थरथर लागते का बघायचो, अण्णा. दहा वर्षं, रोज.

आणि भूकंप झाला तेव्हा त्या जिन्यावर अकरा माणसं होती. नंतर मी एकेकाला विचारून मोजली. त्यांत तुम्ही होतात.

काल बाई सळई शोधायचं यंत्र घेऊन आल्या. खांबावर ते फिरवायचं आणि आवाज आला की खडूने रेघ मारायची. रेघा मारायचं काम माझ्याकडे आलं. पहिली रेघ मारली. दुसरी आली ती चार बोटांवर. मला वाटलं यंत्र बिघडलं. तिसरी, चौथी, सगळ्या चार बोटांवर. मधे वीतभर आणि वर पुन्हा चार बोटं. मी रेघेऐवजी यंत्राकडेच बघत होतो, तेव्हा बाई म्हणाल्या, रेघ सरळ मारा हो. मग सुटं काँक्रीट काढलं आणि मी खाली बसून तारेच्या गाठी बघितल्या. एका रिंगेची गाठ डावीकडे पिळलेली, पुढच्या दोन रिंगांची उजवीकडे. मग पुन्हा एक डावी, दोन उजव्या. या शहरात डाव्या हाताने आकडा फिरवणारा त्या वेळी मी एकटाच असेन. तिथे माझ्या प्रत्येक दोन रिंगांच्या मधे तुमच्या दोन रिंगा होत्या.

बाई म्हणाल्या, “वरचं कवच गळलंय, आतलं काँक्रीट रिंगांनी आवळून धरलंय. खाली वीतभर अंतर असतं तर सळया वाकल्या असत्या आणि जिना खाली आला असता.” शिंपीकाका ओरडले, “मिस्त्रीची शिलाई आहे, उसवेल पण फाटणार नाही!” नर्सबाई रडायला लागल्या आणि रडता रडताच म्हणाल्या, आता कुंड्यांना पाणी घालायला तरी जाऊ द्या. सगळे तुमचं नाव घेत होते.  मग मी सगळ्यांसमोर सांगितलं, खांब मी बांधला होता, चुकीचा, आणि अण्णांनी तो मला न कळवता दुरुस्त केला.  शिंपीकाकांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “बापाने टाके घातलेत, तू आता गप जेव.” अण्णा, मी दोन ताटं जेवलो.

तुम्ही बोलला नाहीत ते का, हे मला समजतं. आई दवाखान्यात होती, मी पंधरा वर्षांचा होतो, आणि तुम्ही ओरडला असतात तर मी कदाचित आकडा टाकून पळालो असतो. पण आता मी सत्तावीस वर्षांचा आहे. त्या खांबाभोवती नव्या सळया उभ्या करून, रिंगा बांधून तो जाड करायचा आहे, आणि बाईंनी ते काम मला दिलं आहे. रविवारी रिंगा बांधून होतील. सोमवारी फळ्या लागतील, पण तुम्ही येईपर्यंत मी त्या लावू देणार नाही. ताईला म्हणावं, शनिवारच्या बसचं तिकीट काढ. या आणि प्रत्येक दोन रिंगांच्या मधे तुमची चार बोटं घालून बघा. कुठे चुकलं असेल तर या वेळी मला डबा देऊन कुठे पाठवू नका. तोंडावर सांगा. मी तिथेच, तुमच्यासमोर सोडून पुन्हा बांधीन.

तुमचाच,
डावऱ्या