काचेआडून बावोला

प्रिय बावो,

अक्षर माझं नाही म्हणून गोंधळू नकोस. या खोलीतला कागद बाहेर जाऊ देत नाहीत. मी काचेआडून सांगतेय, पलीकडे नर्स लिहून घेतेय. गेंटच्या रुग्णालयात मी नऊ दिवस एकटी आहे, आणि फार घाबरलेय.

आमच्या प्रयोगशाळेचं काम तुला ठाऊक आहे. करोनाच्या साऱ्या जातींवर, अजून माणसात न आलेल्यांवरही चालेल असं औषध शोधायचं. या विषाणूंचा एक भाग फारसा बदलत नाही. तिथेच घट्ट चिकटणारी अँटीबॉडी आम्हाला सापडली. ती दिलेले उंदीर वटवाघळांच्या विषाणूतूनही तगले. अँटीबॉडी न दिलेल्या आजारी उंदरांपैकी एक मला चावला. हातमोज्याला छिद्र दिसेना, अंगठ्यावर नुसता लाल ठिपका. ओरखडा असेल म्हणत मी गप्प राहिले, घरी गेले. दोन दिवस नोरच्या ताटातलं खाल्लं, झोपताना तिच्या पाप्या घेतल्या. सहा वर्षांची पोर ती!

तिसऱ्या दिवशी कामावरच ताप चढला, तेव्हा सहकारी वेर्लेला सांगितलं. ती किंचाळलीच, "अगं वेडी आहेस का तू? घरी मुलगी आहे ना तुझी!"

डॉक्टर म्हणाले, "ही अँटीबॉडी निरोगी माणसांना देऊन पाहिलीय. विषाणू अंगात शिरलेल्याला अजून कुणालाच नाही. तुम्ही तयार आहात?" सात वर्षं मी तिचं कौतुक सांगत फिरले, पण सही करण्याआधी संमतीचा कागद तीनदा वाचला. दोन दिवस श्वास लागला, मग ताप उतरला. मी वाचेन म्हणतात. नोरला मात्र कालपासून कणकण आहे.

बावो, त्या नाताळात तू खोकत आलास. "साधी सर्दी आहे गं," म्हणालास आणि आईला मिठी मारलीस. करोनानं ती गेली, आणि तिच्या दफनाच्या दिवशी मी सगळ्यांदेखत तुला म्हणाले, "आईला तू मारलंस." चार वर्षं झाली. नोरच्या तपासणीचा निकाल उद्या येईल. चांगला आला तर मी सुटकेच्या भरात लिहिलं असं तुला वाटेल, वाईट आला तर आता गरज पडली म्हणून. म्हणून आजच लिहवून घेतेय: आईला तू मारलं नाहीस. मला माफ कर.

अजूनही तुझीच बहीण,
ट्राइन