वेष्टणाला लावलेला रंग

१२ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून आपलं हे पत्र. हातातलं काम बाजूला ठेव, खाली बस आणि मग पुढचं वाच. ताई, स्नायू चमकला! उंदराचा चमकला, माझा नव्हे, हसू नकोस.

मागे एकदा सांगितलं होतं, पण तू तेव्हा भाजी निवडत होतीस, म्हणून पुन्हा सांगतो. आपल्या भिंगरीच्या स्नायूंना एक प्रथिन बनवता येत नाही. ते कसं बनवायचं याची सूचना म्हणजे आरएनए. ही सूचना आम्ही तयार करू शकतो, पण रक्तात उघडी सोडली की तिचे तुकडे होतात. म्हणून ती चरबीच्या अगदी बारीक कणांत गुंडाळून पाठवायची. ते वेष्टण बनवणं हे माझं काम. आजवर मी जी जी चरबी बनवली ती सगळी इमानेइतबारे यकृतात जाऊन बसली. यकृत म्हणजे आपली मोठी आत्या, वाटेवरच्या पाहुण्याला पुढे जाऊच देत नाही. या वेळी रेणूची एक शेपटी आखूड केली, वेष्टणाला लाल रंग लावला, उंदराला टोचलं, आणि मांडीचा स्नायू लालभडक! मी उठून प्रयोगशाळेला एक फेरीच मारली. लोकांना वाटलं, याला काहीतरी चावलं.

तू विचारलं होतंस, भिंगरीचे डॉक्टर दुसऱ्या एका औषधाच्या चाचणीत तिचं नाव घालतो म्हणताहेत, तर काय करू. माझं ऐकशील तर थांब. एका चाचणीत मुलाला घेतलं की पुढे दुसरीत बहुधा घेत नाहीत. घरचं औषध येत असताना तिला परक्याच्या दारात कशाला उभी करायची?

भावोजींना नमस्कार, भिंगरीच्या गालाला मामाचा चिमटा. तुझी माया आहेच, आता जरा अभिमानही केलास तर हरकत नाही.

तुझा,
बब्या


२१ जानेवारी

चि. बब्यास,
अनेक आशीर्वाद.

बसून वाच म्हणालास, पण मी उभ्यानेच वाचलं आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. मग तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं, शेजारणीला दाखवलं, भिंगरीने तर हातातून हिसकावूनच घेतलं. मोठ्या आत्याचं वाचून सगळे हसलो. तिला कळलं तर तुझं काही खरं नाही.

डॉक्टरांना काल नाही म्हणून सांगून आले. ते म्हणाले, जागा एकच उरली आहे, बाकीची मुलं रांगेत आहेत, नीट विचार करा. मी म्हटलं, खुशाल द्या दुसऱ्या कोणाला. तुझ्या भावोजींच्या मनात नव्हतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून घरात अबोलाही झाला. पण मी ऐकते थोडीच! माझा भाऊ लहानपणी मार खाईल पण खोटं बोलणार नाही असा होता, हे मी त्यांना ठणकावून सांगितलं. शेवटी ते म्हणाले, तुझा भाऊ, तुझी लेक, तू ठरव.

भिंगरीने वर्गात सांगून टाकलंय की माझा मामा औषध बनवतो आणि पहिलं मलाच देणार आहे. तेव्हा आता मागे फिरायची सोय नाही, समजलास?

जेवत जा वेळेवर. अभिमान मागितलास, तो पोटभर दिलाय.

तुझी,
ताई


१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. नमस्कार.

पत्राला उशीर झाला, कामं फार होती. इकडे सगळं ठीक. भिंगरीसाठी रंगीत पेन्सिली वेगळ्या पाठवल्या आहेत, मिळाल्या का कळव. चांगल्या आहेत, टोक लवकर मोडत नाही.

एक विचारायचं होतं. डॉक्टरांकडची ती जागा गेलीच का? सहज विचारतोय. एकदा जाऊन बघ ना. अशा गोष्टींत एकाच ठिकाणावर विसंबून राहू नये, असं आपलं मला वाटलं. आणखी विशेष काही नाही. भावोजींचा पाठीचा त्रास कसा आहे?

सगळ्यांना नमस्कार. आहे तशी माया असू दे.

बब्या


२७ फेब्रुवारी

चि. बब्यास,
आशीर्वाद.

गेले होते डॉक्टरांकडे. ज्या तोंडाने खुशाल द्या म्हणाले, त्याच तोंडाने आहे का हो म्हणून विचारलं. ते काही वाईट बोलले नाहीत. जागा भरली, त्या मुलाला औषध सुरूही झालं, असं सांगितलं आणि मला बसायला खुर्ची दिली. मी बसले नाही. बाहेरच्या बाकावर इतर आया होत्या. त्यांच्यासमोरून जाताना मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले.

पेन्सिली मिळाल्या. भिंगरीला आवडल्या. पण बब्या, मी तुला अंगाखांद्यावर वाढवलंय. तू कधीपासून भावोजींच्या पाठीची चौकशी करायला लागलास? सहज विचारतोय, असं तू लिहिलंस की काहीतरी लपवतोयस हे मला कळतं. काय झालंय ते सरळ लिही. आडून आडून लिहिलेलं पत्र मला नको.

तुझी,
ताई


६ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार लिहितोय, पण तो तू घ्यावास असं माझं तोंड राहिलेलं नाही.

औषध स्नायूत गेलंच नव्हतं. नुसता रंग गेला होता. रंग आम्ही वेष्टणाला लावला होता. तो रक्तात सुटला आणि एकटाच जाऊन स्नायूत बसला. वेष्टण आणि त्यातली सूचना नेहमीसारखीच यकृतात. बैठकीत मी ती लाल मांडी पडद्यावर दाखवली, शाबासकी घेतली. मग जीवशास्त्र बघणाऱ्या बाईंनी विचारलं की औषधाशिवाय नुसता रंग टोचून पाहिलात का. नव्हता पाहिला. मग पाहिला, तर मांडी तितकीच लाल. स्नायूत प्रथिन बनलंय का तेही तपासलं. नावालाही नाही.

ही तपासणी मला माहीत नव्हती असं समजू नकोस. दुसऱ्यांचे शोधनिबंध तपासायला माझ्याकडे येतात तेव्हा याच कारणासाठी मी ते परत पाठवतो, तेही नाक वर करून. या वेळी केली नाही, कारण हवं ते डोळ्यांना दिसलं होतं आणि ते हातचं जाईल अशी भीती वाटली. आणि आणखी वाईट सांगतो. उंदरात जमलेलं औषध माणसापर्यंत यायला वर्षानुवर्षं लागतात, बहुतेकदा ते येतही नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी थांब म्हणून लिहिलं. तुमच्यासमोर मला मोठं व्हायचं होतं, ताई. भिंगरीला उभं करणारा मामा व्हायचं होतं.

पेन्सिली पाठवल्या तेव्हा मला हे सगळं कळलेलं होतं. खरं लिहायला बसलो, हात पुढे जाईना. म्हणून तुला परत डॉक्टरांच्या दारात पाठवलं. जागा मिळाली असती तर हे कधीच लिहिलं नसतं, हेही खरं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

सुट्टीत यायचं ठरलं होतं, ते आता राहू दे. भावोजींसमोर कोणत्या तोंडाने बसू? भिंगरीला तू तुझ्या पद्धतीने सांग. तुला जमेल.

लोभाचं काही लिहीत नाही. ते तूच ठरव.

बब्या


१३ मार्च

बब्यास,
आशीर्वाद लिहायचा म्हणून लिहिते.

तुझं पत्र तुझ्या भावोजींना दिलं. ते चिडतील, पूर्वीचं सगळं काढतील, असं वाटलं होतं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि मलाच पाणी आणून दिलं. चिडले असते तर बरं झालं असतं रे. मला त्यांच्याकडे बघवत नाही. अबोला धरला होता मी, ठणकावलं होतं मी.

तू चुकलास म्हणून मी इतकी चिडले नाही. चूक कोणाची होत नाही? पण मला भिंगरीला सांगायला सांगतोस? आनंदाची बातमी द्यायला तुझी लेखणी धावली, आणि ही द्यायला ताई? नाही सांगणार. तुझं काम तूच कर. ये, तिच्यासमोर बस आणि सांग. यायचं नसेल तर पत्रही पाठवू नकोस.

ताई


११ एप्रिल

चि. बब्यास,
अनेक आशीर्वाद.

तू येऊन गेल्याला आठवडा झाला. तू भिंगरीच्या पलंगाशी बसून सांगत होतास तेव्हा मी दाराआड उभी होते, हे आता सांगते. रंगाचं सांगितलंस, उंदराचं सांगितलंस, आणि मामाने फुशारकी मारली असंही सांगितलंस. दुसरं औषध कधी, असं तिने विचारलं तेव्हा तू माहीत नाही म्हणालास. तिथे तू पुन्हा काहीतरी गोड बोलशील, अशी मला धास्ती होती. ती नुसतं बरं म्हणाली आणि तू मान खाली घालून निघून गेलास. ती रडली नाही, म्हणून तुझ्या जिवाला जास्त लागलं असेल. पण पुढचं तू पाहिलं नाहीस.

तू गेल्यावर तिने मला हाक मारली आणि पायजमा गुडघ्यांच्या वर ओढला. बब्या, काय सांगू! जुन्या जखमांवर नव्या, काळंनिळं सगळं. मांडीलासुद्धा. जानेवारीपासून ती पडत होती. शाळेत, मोरीत, दार लावलेल्या खोलीत. मैत्रिणीला शपथ घातली होती की कोणाला सांगायचं नाही. कारण आपल्या पायांनी चालणाऱ्या मुलांनाच अशा चाचणीत घेतात, असं डॉक्टर कधीतरी तिच्यासमोर बोलले होते. मामाचं औषध येईपर्यंत चालत राहायचं, असं तिने ठरवलं होतं. आंघोळ माझी मी करते, असा हट्ट धरला तेव्हा मी कौतुक केलं, लेक मोठी झाली म्हणून. आई ना मी तिची? मला एवढीही शंका येऊ नये? तिथेच जमिनीवर बसले आणि तिच्याकडे मान वर करून बघवेना.

तर तीच मला म्हणाली की आई, आता औषध येणार नाही ना, मग आता मी चाकांची खुर्ची घेऊ का. बब्या, पोरीने हे परवानगी मागितल्यासारखं विचारलं.

खुर्ची आली. चार दिवसांत तिने जिन्याजवळच्या भिंतीचा रंग खरवडलाय, शेजारणीचं दार ठोकलंय आणि तुझ्या भावोजींच्या पायावरून चाक नेलंय. ते ओरडले आणि मग कितीतरी दिवसांनी हसले. तुला कळव म्हणाले की येत जा. माझा राग अजून गेलेला नाही. तुझ्यावरचा थोडा, माझ्यावरचा बराच. जाईल तेव्हा जाईल.

तू लाजेने घरात तोंड लपवून बसू नकोस. कामाला जा, आणि रंग नीट तपास. भिंगरीने तुला निरोप दिलाय, तो जसाच्या तसा लिहिते. मामा, पुढचं औषध बसलेल्यांसाठीही बनव, मी आता कोणासाठी पडणार नाही.

लोभाचं मी ठरवायचं म्हणाला होतास. तो आहेच, फार विचारू नकोस.

तुझी,
ताई