गुलाबी की जांभळे?

१३ जानेवारी
परत चूक!

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मॅडमनी माझी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि म्हणाल्या, "गुलाबी कुठले रे? चक्क जांभळे आहेत." शेजारी हवालदारचं अर्थातच बरोबर. हवालदार म्हणजे माझ्या टेबलावरची जोडीदार. प्रत्येक काचपट्टी उजेडात धरून अशी तपासते, जणू चोरीचा मालच पकडलाय.

काम तसं सोपं. काचेवर जंतूंचा पातळ थर, त्यावर जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं, शेवटी गुलाबी रंग. जाड भिंतीचे जंतू जांभळा सोडत नाहीत. पातळ भिंतीचे सोडतात आणि गुलाबी होतात. शेंबडं पोरही करेल. मला मात्र जमत नाही.

"अल्कोहोल फार कमी ओततोस," मॅडम म्हणाल्या. असेल.

१६ जानेवारी
अल्कोहोल सढळ हाताने ओतलं. आज जांभळे लिहिले, तर निघाले गुलाबी. मी म्हटलं, रंगाची बाटलीच जुनी आहे. हवालदार म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." तिच्याशी दिवसभर बोललो नाही. तिला फरक पडला नाही.

१९ जानेवारी, रविवार
मामाच्या लॅबमध्ये गेलो. पुढच्या खोलीत रक्त काढायची खुर्ची, मागच्या खोलीत फ्रिज, दोन सूक्ष्मदर्शक आणि बाटल्यांची फळी. प्रत्येक बाटलीवर मामाने जाड अक्षरात नाव लिहिलंय. पाण्याच्या बाटलीवरसुद्धा! मामी हसते, "उद्या माझ्या कपाळावर लिहितील, बायको म्हणून."

मामा म्हणाला, "या विषयात पास झालास की सुट्टीत इथे बस. पुढे सगळं तुझंच." त्याची एकुलती एक लेक लग्न होऊन लांब गेली. मला तर हेच हवंय, दहावीपासून हवंय. मामासारखा पांढरा शर्ट घालून त्या स्टुलावर बसायचं.

अधूनमधून मामा हाक मारतो, "अगं, जरा बघ." मामी येते, डोळा लावते, "गुलाबी, काड्या," म्हणते आणि मामा सही करतो. आई म्हणते, मामीशिवाय याचं पान हलत नाही.

आज मात्र दोघांचं वाजलं. लेकीला सातवा महिना लागलाय, मामीला बाळंतपणाला जायचंय. मामा म्हणाला, "लॅब कोण बघणार? सासू आहे की तिला." मामीने कपाटावरची बॅग काढली होती, ती परत वर ठेवली. खाली उतरताना स्टूल असं आपटलं की पेशंट दचकला.

२३ जानेवारी
चार काचपट्ट्या. दोन बरोबर, दोन चूक. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

२७ जानेवारी
आज हवालदारने अचानक विचारलं, "माझा स्वेटर कोणत्या रंगाचा?"

"राखाडी."

ती हसली. मग थांबली. "नीट बघ."

"नीटच बघतोय. राखाडी."

"गुलाबी आहे रे."

तिने पिशवीतून दोन पेनं काढली, पुस्तकं काढली, शेवटी डब्याचं झाकण. काय काय विचारलं आणि मी काय काय सांगितलं, देव जाणे. शेवटी ती चिडवायची थांबली. ते मला जास्त लागलं.

२९ जानेवारी
तिनेच ओढत चष्मेवाल्याकडे नेलं. त्याने ठिपक्या-ठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक उघडलं. "आकडा वाचा." कसला आकडा? नुसते ठिपके! एकामागून एक पानं उलटली. माझ्या पाठीमागून हवालदार भराभरा वाचत होती, तिला तर प्रत्येक पानावर आकडा दिसत होता.

"जन्मापासूनचं आहे," चष्मेवाला म्हणाला. "औषध नाही, अपायही नाही. बहुतेक आईकडून मुलाकडे येतं. मामाला आहे का बघा."

घरी येऊन जेवलो नाही. राग आला, पण कुणावर काढायचा तेच कळेना. दुसरीत झाडाचं खोड हिरवं रंगवलं म्हणून सगळा वर्ग हसला होता. आई म्हणायची, लक्ष नसतं याचं. लक्ष होतं गं आई! आणि आता त्या स्टुलाचं काय? ज्याला गुलाबी-जांभळं कळत नाही, त्याला कोण तिथे बसवेल?

३० जानेवारी
आईला सांगितलं. आधी हसली, मग डोळे पुसत राहिली. मामाचं विचारलं तर म्हणाली, "माझ्या भावाला? छे! त्याचा जन्म गेला जंतूंचे रंग बघण्यात." आणि दाराशी वळून, "तू त्याला इतक्यात काही बोलू नकोस. लॅब हातची जायची."

मामाचे शर्ट आठवले. सगळेच पांढरे. बाटल्यांवरची ती जाड अक्षरं. काहीतरीच आपलं!

४ फेब्रुवारी
मॅडमना सांगून टाकलं. ओरडतील वाटलं होतं, पण त्यांनीच कपाळाला हात लावला. "आणि मी तुला अल्कोहोलवरून बोलत बसले." परीक्षेत प्रत्येकाला एक अनोळखी जंतू मिळणार, तो एकट्याने ओळखायचा. दुसऱ्याचे डोळे उसने घेता येणार नाहीत. "पण रंगाशिवाय ओळखलास तर माझी ना नाही. शोध काहीतरी."

शोध म्हणे!

७ फेब्रुवारी
सापडलं! पुस्तकात अगदी बारीक अक्षरात होतं. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब घ्यायचा. प्लेटवर वाढलेले जंतू तारेच्या कडीने उचलून त्यात घोळायचे आणि कडी हळूच वर न्यायची. पातळ भिंतीचे असतील तर फुटतात, थेंब चिकट होतो आणि पाकाला निघते तशी तार निघते. जाड भिंतीचे असतील तर थेंब पाण्यासारखाच राहतो. रंगाचा काही संबंधच नाही!

हवालदारने नावं झाकून प्लेटा पुढे ठेवल्या. पहिल्याच प्लेटला तार निघाली. मी ओरडलो, शिपाई बघायला आला. सगळ्या बरोबर! हवालदार म्हणाली, "आता मला पार्टी." तिचा स्वेटर तोच होता. म्हटलं, "छान दिसतो हा गुलाबी." ती म्हणाली, "आज निळा घातलाय." खरं-खोटं तीच जाणे.

१६ फेब्रुवारी, रविवार
मामाकडे वातावरण तापलेलं. लेकीला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. ती फोनवर रडते, इकडे मामी रडते. मामाचं एकच पालुपद — जायचं नाही म्हणजे नाही. मामी मला म्हणाली, "एवढा दगड कसा रे हा माणूस? पोटची पोर आहे." 

मग मी मागच्या खोलीत गेलो. मामाला मी दिसलो नव्हतो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. काचपट्टी इकडे सरकव, तिकडे सरकव, उजेड वाढव, कमी कर. मला ते सगळं पाठ आहे. मीही अगदी तसंच करतो. शेवटी हाक — "अगं..."

मामी सुजलेल्या डोळ्यांनी आली. "जांभळे, गोल." मामाने लिहिलं.

दगड नाही तो. घाबरलाय.

२४ फेब्रुवारी
परीक्षा झाली. काड्यांच्या आकाराचे जंतू, छान लांब तार. नाव बरोबर आलं. मॅडमनी सही करताना विचारलं, "रंग?" म्हटलं, "गुलाबी असणार. तार सांगते." हसल्या. पास!

२६ फेब्रुवारी
मामाचा फोन. "पास झालास ना? रविवारी ये, स्टूल पुसून ठेवतो." आई खुशीत. मी नाही. न सांगता त्या स्टुलावर बसलो तर मलाही उद्या कुणाला तरी "अगं" म्हणत बांधून ठेवावं लागेल. आणि सांगितलं तर मामा म्हणेल, असला माणूस काय कामाचा.

मामाला काही विचारायचं नाही. फक्त माझं सांगायचं.

२ मार्च, रविवार
सांगितलं. मामी आत होती. मामा सूक्ष्मदर्शकाची काच पुसत ऐकत होता.

"चष्मेवाला काय म्हणाला?"

"आईकडून येतं म्हणाला." पुढचं गिळलं.

काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी तो पुसत राहिला. मग म्हणाला, "मग पास कसा झालास?"

तारेचं सगळं सांगितलं. "पण हे फक्त प्लेटवर वाढलेल्या जंतूंना चालतं," म्हटलं. "बाकीच्या काचपट्ट्या दुसऱ्या लॅबमधल्या, रंग कळणाऱ्या माणसालाच द्यायला हव्यात. मी तर देणार." मामा "हं" म्हणाला. बस, एवढंच. स्टुलाचा विषय निघाला नाही. उगाच बोललो असं वाटत घरी आलो. आईला काय सांगू?

३ मार्च
सकाळीच मामाचा फोन — "तो थेंब घेऊन ये." गेलो. त्याने मागच्या खोलीचं दार लावलं आणि प्लेट पुढे केली. मी एकदा करून दाखवलं. मग कडी त्याने स्वतः घेतली. पहिल्यांदा घाईने वर ओढली, जमलं नाही. दुसऱ्यांदा तार निघाली. तो बघतच राहिला. मग दार उघडून आत हाक मारली —

"अगं, ती बॅग काढ खाली."