ओढ्याचा मूळ आकडा

४ फेब्रुवारी
ओढ्यावरच्या दोन जुन्या मोऱ्या काढून रुंद मोऱ्या बसवायच्या आहेत. पाण्याच्या गुणवत्तेचा आढावा माझ्याकडे. साहेब म्हणाले, किरकोळ काम आहे. किरकोळ कामातच माणूस कळतो. संकल्प: यंदा एकही फाइल लटकणार नाही.

ताईचा फोन. मोऱ्यांच्या खालच्या अंगाला तिचे माशांच्या पिल्लांचे हौद, पाणी ओढ्याचंच. गाळ आला तर कल्ले बुजून पिल्लं मरतात, वर्षाची मेहनत पाण्यात, म्हणाली. आढावा कोण करतंय ते बघ आणि निवांत झोप, असं सांगितलं.

६ फेब्रुवारी
नमुना घेतला. नवे गमबूट. पाणी गुडघ्याएवढंही नाही, पण बुटांनी रुबाब येतो. नियम असा की प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, बाटली पुढ्यात धरायची, म्हणजे आपल्या पायांनी उठलेला गाळ मागे जातो. नव्या पोरांना हे मीच शिकवतो. पण ड्रायव्हर फोटो काढत होता, म्हणाला, त्या बाजूने चेहरा अंधारात येतोय. वळलो. तेवढ्याने काय होतंय. फोटो झकास. लगेच प्रोफाइलला लावला.

९ फेब्रुवारी, दुपार
रिपोर्ट आला. गढूळपणा १८०. अशा ओढ्यात पाच-सहा असतो. लॅबवाल्या बाईंनी विचारलं, नमुना नीट घेतला होता ना? माझ्या नोकरीची वर्षं ऐकवली. त्यांनी रिपोर्टवर शिक्का मारला. आकडा मात्र दोनदा वाचला. कारण हा मूळ आकडा. काम चालू असताना पाणी याच्यापेक्षा दहा टक्केच जास्त गढूळ चालतं. मूळच १८०, म्हणजे चिखल सोडला तरी चालेल. उद्या गुपचूप दुसरा नमुना घेणार.

१० फेब्रुवारी
डावा गमबूट लागतोय. उद्या.

१२ फेब्रुवारी
टाचेला फोड. बायको म्हणाली, मग चपला घालून जा. तिला तांत्रिक बाजू कळत नाही.

१५ फेब्रुवारी
साहेबांनी फाइल मागितली. दुसरा नमुना म्हणजे पहिला चुकला हे आपणहून सांगणं. नसता गोंधळ. त्यात ठेकेदाराचं म्हणणं, पाणी मुळातच एवढं गढूळ, तर काम होईपर्यंत पाइप टाकून ते वळवायची अट कशाला? माझाच आकडा माझ्यापुढे धरला. अट काढली. सही करून लागोपाठ तीन कप चहा घेतला. चहा कमी करायला हवा.

२० फेब्रुवारी
ताईचा फोन. पिल्लं छान वाढलीत, आठवडाभरात विकायला काढणार. ओढ्याचं काय, विचारलं. सांगणार होतो, पण ती उगाच घाबरते. म्हटलं, मी आहे ना. उद्या नक्की नमुना. चपला घालून.

२३ फेब्रुवारी, सकाळ
खोदायचं मशीन आलं. दोन दिवस थांबा म्हटलं, तर ठेकेदार म्हणाला, लेखी कारण द्या, आत्ता थांबतो. कागद घेऊन बसलो. फोटोसाठी वळलो होतो, हे कारण सरकारी भाषेत कसं लिहायचं?

त्याच दिवशी, संध्याकाळ
कागद कोराच राहिला. दुपारी पाणी चहाच्या रंगाचं झालं. धावत हौदांवर गेलो. ताई आणि भावोजी चाळणीने मेलेली पिल्लं काढत होते. काय करावं सुचेना, म्हणून नमुना घेतला. प्रवाहाकडे तोंड करून, अगदी नियमाप्रमाणे. गढूळपणा मोजायच्या मीटरवर १७६. मर्यादेच्या आत. ठेकेदाराकडे बोट दाखवायचीही सोय नाही.

ताई ओरडली नाही. म्हणाली, "एक फोन केला असतास, तर मी हौदाचं तोंड बंद केलं असतं."

हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

घरी येऊन तो फोटो काढून टाकायला घेतला. बुटांपासून निघून बाटलीत शिरणारा गाळाचा पट्टा त्यात स्वच्छ दिसतोय. खाली पहिली कमेंट ताईची. "शोभतोस हो."