महारोगी क्रमांक चार

सोमवार, ४ तारीख
बढती मिळाली! कालपर्यंत शूटिंगचे दिवे उचलत होतो, आजपासून सिनेमात महारोगी क्रमांक चार. रंगभूषावाल्याने तोंडावर रबराच्या गाठी चिकटवल्या, तीन बोटं दुमडून पट्टीने बांधली. दिग्दर्शक म्हणाला, "अजून पू पाहिजे." पू म्हणजे मध आणि पीठ. माश्यांना मी फार आवडलो.

बुधवार, ६
वाढप्याने ताट लांबूनच सरकवलं. म्हटलं, "अरे, रबर आहे." "माहितेय रे. पण नको." सकाळी गाठी चिकटवताना डिंकाची डबी यानेच धरली होती.

गुरुवार, ७
आज एक खरा माणूस आला काम मागायला. पूर्वी महारोग झाला होता, गोळ्यांनी बरा झाला, दोन बोटं तेवढी आखूड. दिग्दर्शकाने त्याला पुढून-मागून पाहिलं. "हा खरा वाटत नाही." दिला परत पाठवून. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "वेळेवर दवाखान्यात गेला असतास तर ही पाळी आली नसती."

शुक्रवार, ८
धाकटीला गाठी लावलेला फोटो पाठवला. खाली लिहिलं – बघ, तुझा भाऊ कुठे पोचला.

रविवार, १०
अक्कल गहाण ठेवली होती मी. धाकटीने कौतुकाने मैत्रिणींना दाखवला, तिथून फोटो तिच्या ठरलेल्या सासरी. सासऱ्याचा निरोप – घरात महारोग आहे, लपवलात, लग्न मोडलं. आई फोनवर रडते. "रबर कसं असेल रे? फोटोत बोटं नव्हती तुला." व्हिडिओवर दहाच्या दहा दाखवली. तर म्हणते, "मग ही उगवली कशी?"

मंगळवार, १२
सासऱ्याला व्हिडिओ लावला. धुतलेलं तोंड दाखवलं, हातात रबराची गाठ धरली. "आम्ही काय दूधखुळे? सिनेमात गेलेला माणूस हिरो होतो. आपण होऊन महारोगी कोण होईल?" नवरदेव बापाच्या मागे उभा.
धाकटी एवढंच बोलली, "दादा, मला तो आवडला होता."

गुरुवार, १४
नवरदेवाचा फोन. अगदी हळू, बहुतेक मोरीतून. "दादा, बाबांना कळू देऊ नका. माझ्या पाठीवर एक डाग आहे. टाचणी टोचली तरी कळत नाही. तुमचं एवढं वाढलं होतं आणि आता तोंड स्वच्छ. गोळ्या कुठल्या घेतल्यात?"
रबर, असं ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हणालो, "सरकारी दवाखान्यात मिळतात, फुकट. मी पण त्यांनीच बरा झालो. उद्या सकाळीच जा. आणि माझ्या बहिणीला तू स्वतः सांग."