निळ्या ड्रमची घंटा

१९ नोव्हेंबर

थोरलीने आज डोमोड्याचा, शेंगदाण्याच्या दाट रश्श्याचा, वेगळा डबा भरला. वर माशाचे चांगले दोन तुकडे! म्हणाली, ‘धाकटे, हे यंकुबाला ने. तुरुंगातलं पाणचट खाऊन आतडी वाळली असतील पोराची.’

माझ्या भावाची हिला केवढी काळजी! हिला — साहेबांच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या, पक्षातल्या बायकांची म्होरकी, जांभळं कापड नेसून गावोगाव साहेबांची गाणी म्हणणारी जैनाबा. माझी सवत. कोंबडी मारून वर पिसं गोळा करायची, तसली तऱ्हा.

डबा कोंबड्यांना घातला.

२१ नोव्हेंबर

आज लिहूनच काढते, म्हणजे डोक्यातला भुंगा थांबेल.

यंकुबा बाजारात साहेबांविरुद्ध चार शब्द बोलला. शोध सुरू झाला, तेव्हा आम्ही त्याला मावशीच्या मासे धुरावर सुकवायच्या खोलीत लपवलं. मावशी लेकीकडे नदीपलीकडे गेलेली, किल्ली माझ्याकडे. तो तिथे आहे हे फक्त तिघांना ठाऊक — मी, केमो आणि थोरली. दुसऱ्याच दिवशी बिननंबरची गाडी आली ती थेट त्या खोलीशी. कुणाला विचारणं नाही, शोधणं नाही! तेव्हापासून तो आत आहे. खटला नाही, तारीख नाही.

केमो माझा नवरा. त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त रडला तो. मग राहिलं कोण?

निळ्या पक्षाचा उमेदवार जाहीर सभेत म्हणालाय — निवडून आलो तर असे सगळे कैदी सोडणार. बाकीच्यांना रस्ते हवेत, तांदूळ स्वस्त हवा. मला माझा भाऊ हवा.

२४ नोव्हेंबर

थोरली आणि केमो कोठीमागे कुजबुजत होते. मी जाताच गप्प! ‘काय चाललंय?’ म्हटलं. केमो म्हणाला, ‘काही नाही गं, मिठाचं. मीठ संपलंय.’

मीठ भरपूर आहे. बघून आले.

२८ नोव्हेंबर

मतदानाला निळ्या पक्षाची प्रतिनिधी म्हणून मला बसवणार — ड्रममध्ये मताची गोटी पडली की आतली घंटा वाजते, एकाला एकच ठोका पडतो ना ते ऐकायला! घरात सांगितलं तर थोरली तांदूळ निवडता निवडता थांबली. ‘तुला दुसरं काम नाही? धाकटे, तोंड जरा आवरतं घे. या घरात भिंतींना कान आहेत.’

भिंतींना कशाला? तुझेच आहेत की! हे मनात. तोंडावर एवढंच म्हटलं, ‘ताई, तुम्ही गाणी म्हणा, मी घंटा ऐकते.’ शेजारची ज्योतू खो खो हसली. थोरली हसली नाही.

केमोला मात्र आनंद झाला. ‘बस की! आणि सगळं मला येऊन सांग.’ त्याला कुठलाच पक्ष नाही. झाडाखालच्या पारावर जांभळे येवोत, निळे येवोत, सगळ्यांना चहा उकळून देतो. म्हणतो, ‘राजकारण म्हणजे दुसऱ्याच्या घरचं लग्न. जेवावं आणि घरी यावं.’ हा एक माणूस आहे म्हणून मी या घरात टिकले.

४ डिसेंबर

उद्या मतदान.

५ डिसेंबर

पाय सुजलेत, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

सकाळी अधिकाऱ्याने तिन्ही पक्षांचे ड्रम उलटे करून दाखवले. रिकामे. तळाशी वाळू घातली, म्हणजे गोटी पडल्याचा आवाज नको. आवाज फक्त आतल्या घंटेचा. एक गोटी, एक ठोका. मग त्याने प्रत्येक ड्रमची घंटा वाजवून दाखवली आणि मी सावध झाले. साहेबांच्या जांभळ्याची खणखणीत. तिसऱ्या पक्षाच्या पांढऱ्याचीही तशीच. आमच्या निळ्याची घंटा मात्र तडकलेली! ठोक्यामागून किंचित खरखर. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण मी लोहाराची लेक. बापाच्या भट्टीपाशी वाढले.

कोण कुठे गोटी टाकतं ते कळू नये म्हणून तर पडदा. ऐकू नये, हे मला कळतं. पण कानाला पापण्या असतात का?

मध्येच पाववाला सायकलची घंटा वाजवत आला. सगळे ताडकन उभे! जांभळ्यांची प्रतिनिधी बिंटू ओरडली, ‘हे यांचंच कारस्थान!’ मी म्हटलं, ‘बाई, पावाने कधी मत दिलंय का?’ तरी पाववाल्याला हाकललं. घंटांचा गोंधळ नको म्हणून मतदानाला सायकल दूर ठेवायची असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हा मुद्दाम आला की काय, कोण जाणे. आज मला कावळ्याचाही संशय येतोय.

दुपारी थोरली आली. जांभळं कापड, जांभळा फेटा, मागे गाणाऱ्या बाया. बोट शाईत बुडवलं, गोटी घेतली, माझ्याकडे न बघता पडद्याआड गेली. मी कान टवकारले.

ठण् — आणि मागून खरखर.

निळा!

मला आधी खरंच वाटेना. तिने बाहेर येऊन बिंटूला मिठी मारली आणि साहेबांचं गाणं म्हणत निघून गेली.

केमो आला तेव्हा नेमकी मी पाणी प्यायला उठले होते. त्याचं ऐकायचं राहिलं.

घरी येऊन केमोला सगळं सांगितलं. ‘नक्की?’ म्हणाला. ‘निळ्याचीच घंटा?’ मी म्हटलं, ‘लोहाराच्या लेकीला विचारतोस?’ तो हसला. चहाचा तिसरा पेला स्वतःच्या हाताने भरून दिला, भरपूर साखर घालून. ‘बायका म्हणजे कमालच,’ म्हणाला.

मला तर वाटतं, थोरलीला पश्चात्ताप झाला. भाऊ पकडून दिला आणि आता एक गोटी टाकून पाप फेडतेय. तेवढ्याने फिटतं होय?

६ डिसेंबर

आमच्या गावात निळा पुढे. रस्त्यावर पोरं नाचतायत. रेडिओ मात्र सकाळपासून नुसतं वादन लावून बसलाय.

७ डिसेंबर

साहेबच. पुन्हा पाच वर्षं.

भिंतीला टेकून बसले होते. थोरलीच्या विजयाच्या गाण्याची वाट बघत होते — म्हणजे भांडायला कारण मिळालं असतं. ती गायलीच नाही. माझ्याशेजारी येऊन बसली. मग हळूच म्हणाली, ‘गाते म्हणून माझी पोरं सुखाने झोपतात गं. मनातलं कुणाला दाखवायचं?’

आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला. ‘यंकुबाला ने. या खेपेला कोंबड्यांना घालू नकोस.’

तिला ठाऊक होतं! लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. विचारायचं होतं — मग त्या दिवशी यंकुबाचं कुणी सांगितलं? उद्या विचारीन.

८ डिसेंबर

सकाळी बिननंबरची गाडी आली. थेट आमच्या दारात. थोरलीला घेऊन गेली.

घंटेचं मी एकालाच सांगितलं होतं.

दोघींच्या पाळीत आज चुलीचा दिवस माझा. केमो अंगणात चहा उकळतोय. आत्ताच हाक मारली — ‘टीडा, काय लिहितेस गं एवढं?’

म्हटलं, ‘मीठ संपलंय. ते लिहितेय.’